क्रूझची बाल्कनी: तोंड समुद्राकडे, कान शेजारी

क्रूझचं बुकिंग करायला बसलात की तुम्ही आधी काय बघता? भाडं. मग जेवण: शाकाहारी मिळतं का, जैन मिळतं का, सकाळी इडली असते का. मग व्हिसा, मग वायफायचे वेगळे पैसे लागतात का. आणि शेवटी तो मोठा प्रश्न येतो, बिनखिडकीची खोली घ्यायची, खिडकीची घ्यायची की बाल्कनीची? बाल्कनीच्या फोटोत दोन खुर्च्या असतात, एक छोटं टेबल असतं, त्यावर कॉफीचा कप, आणि समोर क्षितिजापर्यंत चिटपाखरू नसतं. खाली लिहिलेलं असतं, ‘तुमचा स्वतःचा खासगी व्हरांडा’.

मी कंटेंट रायटर आहे. असली वाक्यं पोटासाठी मीही लिहिते, हॉटेलांसाठी, होमस्टेसाठी, एकदा तर एका लग्नाच्या हॉलसाठी. त्यामुळे घरातली गोष्ट सांगते, ‘खासगी’ हा शब्द आम्ही फार सढळ हाताने वाढतो. फोटो काढणारा समुद्राकडे कॅमेरा करून उभा असतो. त्याने तो नुसता डावीकडे वळवला असता तर तुम्हाला एक पातळसं पार्टिशन दिसलं असतं, आणि त्याच्या कडेने कोणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल.

हे पार्टिशन नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बहुतेक जहाजांवर दोन बाल्कन्यांमध्ये भिंत नसते, फळी असते. तिच्या खाली फट असते, पुष्कळदा वरही असते. कित्येक जहाजांवर ही फळी म्हणजे चक्क बिजागऱ्यांवरचं दार असतं. शेजारच्या दोन केबिन एकाच कुटुंबाच्या असतील तर केबिन सांभाळणारा अटेंडंट किल्लीने ते उघडून देतो आणि दोन बाल्कन्यांची एक होते. दहा-बारा जणांचं कुटुंब घेऊन जात असाल तर हे पहिल्याच दिवशी विचारा, फार मजा येते. पण जे दार उघडू शकतं त्यातून आवाजही येणार, हे ओघानेच आलं.

बाल्कनी ही जहाजावरची तशी अलीकडची चैन आहे. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ नावाचं जहाज निघालं. प्रिन्सेस डायनाच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. त्याच्या सगळ्या प्रवासी खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या आणि त्यातल्या पुष्कळ खोल्यांना बाल्कनी होती. त्या वेळी ती नवलाई होती. आपल्याकडे मुंबईहून २०२१ मध्ये सुरू झालेल्या कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मधलं आहे, त्यात बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच दिसतात त्याचं कारण हेच. नंतरच्या काळात मात्र जहाज कंपन्यांच्या लक्षात आलं की लोक बाल्कनीसाठी जास्त पैसे आनंदाने मोजतात. आता नव्या मोठ्या जहाजाकडे बंदरातून बघितलं तर ते जहाज कमी आणि समुद्रावर ठेवलेली गृहनिर्माण सोसायटी जास्त वाटतं. एकावर एक, एकाला लागून एक, शेकडो बाल्कन्या. आणि सोसायटी म्हटली की शेजारी आले. फरक एवढाच की इथे शेजारी चार दिवसांचे असतात, त्यामुळे कोणी कोणाचं मन राखायला बांधलेलं नसतं.

‘व्हरांडा’ हा शब्द इंग्रजीत आपल्याकडूनच गेला, हे बी.ए. इंग्लिशला असताना वाचलं तेव्हा मला उगाच अभिमान वाटला होता. पण आपला व्हरांडा, आपली ओसरी, आपली पडवी कधी खासगी होती? ती तर येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकायची जागा. पोस्टमन तिथेच बसायचा, भाजीवाली तिथेच टोपली उतरवायची. खासगी बोलायचं तर माजघरात जायचं. आणि तिकडेही घरातली वडीलधारी माणसं दारातून खाकरून मगच आत यायची, म्हणजे आतल्या बायकांना पदर सावरायला आणि वाक्य गिळायला वेळ मिळायचा. हे खाकरणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी दिसण्याचं बघू, मग ऐकण्याचं.

समुद्रात असताना आपल्याला कोण बघणार, असं वाटतं. बघणारे पुष्कळ असतात. काही जहाजांच्या रचनेत खालच्या मजल्यांच्या बाल्कन्या पायऱ्यांसारख्या पुढे आलेल्या असतात. त्यांना छप्पर अर्धंच, त्यामुळे वरचे लोक कठड्याला टेकले की त्यांना तुमच्या ताटातली भाजीसुद्धा दिसते. जिथून जहाज चालवतात त्या ब्रिजचे दोन पंख दोन्ही बाजूंना बाहेर निघालेले असतात. जहाज धक्क्याला लावताना अधिकारी तिथे उभे राहून जहाजाची अख्खी कड न्याहाळत असतात. कोणी पाण्यात पडलं तर कळावं म्हणून बऱ्याच जहाजांच्या बाजूंवर कॅमेरेही असतात. आणि बंदर आलं की विचारूच नका. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी कुशीत लागतं. रात्री समुद्रावर एकांत वाटलेली तीच बाल्कनी सकाळी पडदा उघडल्यावर भर बाजारात आलेली असते. धक्क्यावरचे कामगार, टॅक्सीवाले, सहलीच्या बसेसकडे निघालेले प्रवासी, सगळे खाली. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक काका नुसत्या टॉवेलवर चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि पाहतात तर खाली सहलीसाठी रांगेत उभं असलेलं अर्धं जहाज. काका गडबडले नाहीत. त्यांनी कप उंचावून सगळ्यांना सुप्रभात केलं आणि आत गेले. पण असा धीर सगळ्यांकडे नसतो, तेव्हा बंदराचा दिवस असेल तर अंगभर घालूनच बाहेर या.

ज्यांना खरोखर आडोसा हवा आहे त्यांनी बुकिंगच्या वेळी जहाजाचा नकाशा उघडून पाच मिनिटं द्यावीत. जहाजाच्या पोटातच कोरून काढलेल्या, पाण्याजवळच्या खालच्या बाल्कन्या मिळतात, कार्निव्हलच्या काही जहाजांवर त्या आहेत. समोर जाळी किंवा काच नाही, लोखंडी पत्रा. बसल्यावर नजारा थोडा कमी होतो, पण वरून कोणी डोकावू शकत नाही. याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे २००९ साली आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’सारख्या जहाजांवरच्या आतल्या बाल्कन्या. मधोमध बाग, आणि तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाल्कन्यांच्या ओळी. समुद्र नाहीच. गिरगावातल्या चाळीचा चौक बघितला असेल तर तुम्हाला हे चित्र लगेच कळेल. चाळीत लोक निदान एकमेकांना ओळखत असत. इथे समोरच्या अनोळखी जोडप्याची सकाळची भांडाभांडी बघायची की पडदा ओढायचा, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. माझं मत विचाराल तर पडदा ओढा, आणि शक्यतो पहिल्याच दिवशी ती सवय लावा.

आता ऐकणं. दिसण्यापेक्षा हे अवघड, कारण डोळे मिटता येतात.

गेल्या वर्षी बाबा बँकेतून निवृत्त झाले आणि आम्ही सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली, पेनांग, फुकेत आणि परत. आम्ही इंदूरचे. होळकरांच्या काळापासून तिथे असलेल्या असंख्य मराठी घरांपैकी एक. आई, बाबा, मी आणि माझी मामेबहीण. बाल्कनीची केबिन एकच घेतली, आईबाबांसाठी. आम्ही दोघी बिनखिडकीच्या केबिनमध्ये फक्त झोपायला जायचो, बाकी सगळा मुक्काम त्या एका बाल्कनीत. चौघांना दोन खुर्च्या. मी बहुधा जमिनीवर, पाठ पार्टिशनला टेकून.

उजवीकडच्या बाल्कनीत चार मित्र होते, त्यांच्याबद्दल नंतर. डावीकडे एक वयस्क जोडपं आणि त्यांचा छोटा नातू. आजोबा-आजींचा आवाजच नव्हता. नातवाचा होता. पहिल्या संध्याकाळी पार्टिशनच्या खालच्या फटीतून एक लाल खेळण्यातली गाडी सुर्रकन आमच्या बाजूला आली. मी ती परत ढकलली. ती पुन्हा आली. हा वाहतुकीचा व्यवसाय चार दिवस चालला. त्या मुलाचा चेहरा मी पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये पाहिला, तोपर्यंत मला फक्त त्याची चार बोटं ओळखीची होती.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर बाबा आणि बहीण शो बघायला गेले. आई आणि मी बाल्कनीत. आमच्या घरात सात माणसं आहेत. आईला एकटीला मला काही सांगायचं असेल तर ते गच्चीवर, पापड वाळत घालताना, तेही जिन्याकडे एक डोळा ठेवून. इथे समोर काळा समुद्र होता, वारा होता, आणि जिना नव्हता. आई खुर्चीत सैलावली आणि म्हणाली, “अगं, घराचं एक बोलायचंय तुझ्याशी. तिकडे बोलताच येत नाही.”

तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. वाऱ्यात बसलं की आपण नकळत आवाज चढवतो, हे तुम्हीही बघितलं असेल. मी म्हटलं, “हळू बोल, शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. इथे मराठी कोणाला कळतंय?”

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचं हे जुनं हत्यार आहे. बंगळूरला लिफ्टमध्ये, दिल्लीच्या मेट्रोत, दुबईच्या मॉलमध्ये आपण बिनधास्त मराठीत सुरू होतो. समोरच्याचा शर्ट, दुकानदाराचा भाव, सासरच्यांचा स्वभाव, सगळं. भाषा म्हणजे आपली चालती-फिरती भिंत. इंदूरला आईला हे जमत नाही, तिथे दर तिसऱ्या माणसाला मराठी कळतं. म्हणून परदेशी समुद्रावर तिला ते फारच मोकळं वाटलं असणार.

आणि तेवढ्यात डाव्या पार्टिशनपलीकडून कोणीतरी खाकरलं.

मग एका बाईंचा शांत आवाज आला. “अहो ताई, ऐका ना. आम्हाला मराठी येतं हं. हैदराबादचे आहोत आम्ही. म्हटलं आधीच सांगून टाकावं.”

दोन क्षण कोणी काही बोललं नाही. मग आई, जी अशा प्रसंगातसुद्धा आई असते, म्हणाली, “हो का? आडनाव काय तुमचं?”

त्यानंतर अर्धा तास आडनावं, गावं, हैदराबादची मराठी शाळा, मराठवाडा निजामाच्या राज्यात असतानाचे त्यांच्या सासऱ्यांचे किस्से, इंदूरचे पोहे, हे सगळं पार्टिशनमधून चाललं. एकमेकींचा चेहरा न बघता. काकूंनी फळीच्या कडेने डोकं पुढे काढलं नाही, आईनेही नाही. ही गोष्ट मला तेव्हा जाणवली नाही, नंतर जाणवली. फळीला वळसा घालून डोकावणं सोपं असतं, कठड्यावरून जरा झुकलं की झालं. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय पलीकडचा माणूस कसा बसलाय, काय घालून बसलाय, रडतोय की झोपलाय, हे तुम्हाला माहीत नसतं. बोलायचं असेल तर बोला, पण डोकं आपल्या हद्दीत ठेवा.

आता काकूंच्या जागी तुम्ही आहात असं धरा. तुमच्या समोर काय काय करण्यासारखं होतं? गप्प बसून ऐकायचं, बहुतेकांनी तेच केलं असतं, आणि फुकटची करमणूक म्हणून घरी जाऊन सांगितलंही असतं. किंवा हळूच दार सरकवून आत जायचं. हे वरवर सभ्य वाटतं, पण त्यातही एक खोट आहे. काकू आत गेल्या असत्या तरी आईचा गैरसमज तसाच राहिला असता, आणि पुढचे तीन दिवस ती कोणाच्या तरी कानांसमोर बोलतच राहिली असती. काकूंनी तिसरी गोष्ट केली. मूळ बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगून टाकलं. उशिरा सांगितलं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता, ‘मी सगळं ऐकलं’ एवढाच निरोप पोचला असता.

पण याची किंमतही होती, ती नाकारून कसं चालेल? आईला जे बोलायचं होतं ते त्या रात्री राहून गेलं. काकू झोपायला गेल्यावर मी विचारलं, “काय सांगत होतीस?” आई म्हणाली, “राहू दे. काही नाही एवढं.” आईच्या ‘काही नाही एवढं’चा अर्थ तुमच्याही घरात तोच असेल जो आमच्या घरात आहे.

उजवीकडच्या चार मित्रांकडे येते. त्यांचा त्रास आवाजाचा नव्हता, गाणी ते साडेदहाला बंद करायचे. त्रास सिगारेटचा होता. जहाजावर ओढण्यासाठी वेगळी जागा होती, पण तिथपर्यंत जायचा कंटाळा. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे, आणि बाबांना दम्याचा त्रास. बाबा निमूटपणे आत जाऊन दार लावायचे. म्हणजे बाल्कनीचे जास्तीचे पैसे आम्ही भरले आणि तिचा उपभोग शेजाऱ्यांच्या धुराने घेतला.

धुराचा मुद्दा नुसत्या गैरसोयीचा नाही, म्हणून जरा थांबून सांगते. २००६ च्या मार्चमध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज कॅरिबियन समुद्रात जमैकाच्या वाटेवर असताना पहाटे एका बाल्कनीत आग लागली. टाकून दिलेलं सिगारेटचं थोटूक हे त्याचं सर्वांत संभाव्य कारण, असं ब्रिटिश तपास यंत्रणेने सांगितलं. बाल्कन्यांमधली पार्टिशनं प्लॅस्टिकच्या जातीची होती, खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, आणि बाल्कन्या एकाला एक लागून. आग काही मिनिटांत आडवी आणि उभी पसरली. एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २००८ पासून बाल्कन्यांमधल्या सामानावर, पार्टिशनांवर, आगीची सूचना देणाऱ्या आणि ती विझवणाऱ्या यंत्रणेवर कडक अटी आल्या. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल यांनी २०१४ मध्ये बाल्कनीतल्या धूम्रपानाला बंदीच केली. कठड्यावरून खाली फेकलेलं थोटूक समुद्रात पडतं असं आपल्याला वाटतं. वारा ते खालच्या नाहीतर मागच्या बाल्कनीत आत ओढून नेऊ शकतो, तिथल्या टॉवेलवर, तिथल्या गादीवर. म्हणून कठड्यावरून काहीही टाकायचं नाही, फळाची साल नाही, बाटलीचं झाकण नाही. उदबत्ती आणि दिवाही नाही. आमच्या आजीसारखी कोणी बरोबर असेल तर तिला हे आधी, घरूनच, प्रेमाने समजावून ठेवा.

तर बाबांना त्या चौघांशी ‘जाऊन बोलायचं’ होतं. मी बोलू दिलं नाही. चार दिवस पाठीला पाठ लावून राहायचं आहे, आणि समोरासमोर झालेली बाचाबाची फळीने अडत नाही. मी स्वागतकक्षाला फोन केला, आमच्या बाजूच्या कोणत्या तरी बाल्कनीतून धूर येतोय आणि घरात दम्याचा पेशंट आहे, एवढंच सांगितलं. त्यांनी माणूस पाठवला, त्याने त्या बाजूच्या तीन-चार केबिनना मिळून समज दिली, कोणी तक्रार केली ते सांगितलं नाही. त्या रात्री वास आला, पण थोडाच. दुसऱ्या दिवसापासून नाही. त्या चौघांपैकी एकाने नंतर लिफ्टमध्ये बाबांसाठी दार धरून ठेवलं. त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे.

इतर बारीकसारीक गोष्टी तुम्हाला सुचतीलच, पण काही पहिल्यांदा जाणाऱ्याच्या ध्यानात येत नाहीत. बाल्कनीचं दार आणि केबिनचं मुख्य दार एकाच वेळी उघडू नका. मधून वाऱ्याचा असा झोत जातो की दार तोफेसारखं आपटतं, आणि पहाटे पाचला सूर्योदय बघायला उठलेल्या एका माणसामुळे अख्खी ओळ जागी होते. खुर्ची ओढू नका, उचला, खालच्या केबिनच्या छतावर तो आवाज गडगडतो. कठड्यावर कपडे वाळत घालायची आपली हौस जगजाहीर आहे. बाथरूममध्ये पुष्कळदा ओढून घ्यायची दोरी असते, तिच्यावर घाला. आणि व्हिडिओ कॉल. सिंगापूरच्या धक्क्याला असेपर्यंत फोनला रेंज असते, त्यामुळे निघण्याआधीच्या तासाभरात प्रत्येक बाल्कनीतून स्पीकरवर कोणाची तरी मावशी बोलत असते. हेडफोन घेऊन या ना.

रील्सबद्दल मला राग आहे तो थोडा बाहेर काढते. स्वतःच्या बाल्कनीत उभं राहून स्वतःचं काय हवं ते चित्रीकरण करा. पण मागे कठड्यापलीकडे दिसणारी शेजारची बाई केस वाळवत बसलेली असेल तर ती तुमच्या पार्श्वभूमीला आलेली नाही, सुट्टीवर आलेली आहे. कॅमेऱ्याचा कोन दोन बोटं हलवला तर समुद्र तेवढाच राहतो.

काही लोक म्हणतात, बाल्कनीत शेजाऱ्याशी बोलूच नये, पैसे एकांताचे दिलेत. मला हे अर्धं पटतं. पहिल्या संध्याकाळी एकदा नमस्कार, हाय, काय असेल ते व्हावं. म्हणजे पलीकडे माणूस आहे हे दोघांना कळतं. त्यानंतर फळीला भिंत समजून वागावं. भिंत नाही हे माहीत असूनही.

काकूंनी तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या नाश्त्याला भेटल्या. तेव्हा कुठे आईने त्यांचा चेहरा पाहिला. कालच्या अर्धवट वाक्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. ‘घराचं काय झालं’ असं तर नाहीच. नातवाच्या गाडीबद्दल माफी मागितली, उपमा बरा आहे म्हणाल्या. आणि उठताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “आम्ही रोज संध्याकाळी सात ते आठ वरच्या डेकवर चालायला जातो. नातवालाही नेतो. तेव्हा आमच्या बाजूला कोणी नसतं.”

आईने मान हलवली. त्या गेल्यावर माझ्याकडे बघितलं आणि शिऱ्यात चमचा फिरवत राहिली.

त्या संध्याकाळी सातला पलीकडचं दार सरकलं, लागलं, पावलं दूर गेली. बाबा पत्ते खेळायला गेले होते. आईने खुर्ची उचलून माझ्याजवळ आणली आणि घराबद्दल जे बोलायचं होतं ते बोलली. काय, ते इथे लिहीत नाही. आईला विचारून एवढंच सांगते की ते घर विकण्याबद्दल होतं, सगळ्यांनी तिची संमती गृहीत धरली होती, आणि तिला कोणीही विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा त्या ‘सगळ्यां’त धरलेली होते, हे तिच्याकडूनच कळलं. मला त्या व्यवहाराचा पत्ताच नव्हता, आणि ते तिला माहीत नव्हतं. एवढी एक गोष्ट फिटायला आम्हा दोघींना इंदूरहून सिंगापूरला यावं लागलं.

सव्वाआठच्या सुमारास पलीकडे पुन्हा दार सरकलं. मग एक खुर्ची जमिनीवरून ओढल्याचा आवाज आला, चांगला खरखरीत, मुद्दाम काढल्यासारखा. आईने वाक्य तोडलं नाही. आवाज तेवढा खाली घेतला आणि पुढे सांगत राहिली.